उपरण्याखाली न धरलेला हात

नंदुरबारच्या कापूसबाजारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, मी एका माणसाचा हात धरायचे नाकारले. हात धरणे हाच माझा धंदा होता. त्या माणसाने माझे काही वाईट केले नव्हते. उलट तो माझ्या पेढीवर येऊन बसत असे, त्याचे बोलणे मी तासन्‌तास ऐकत असे, आणि ते ऐकताना एकदोनदा माझ्या डोळ्यांत पाणीही आले होते. तरी मी हात मागे घेतला. संपादकांनी 'दलालीच्या धंद्यातल्या गमती लिहा' म्हणून सांगितले आहे. गमती आहेत, थोड्या लिहितोही. पण ही गोष्ट सोडून बाकीचे लिहिले तर ते खोटे ठरेल.

बाहेरच्या वाचकाला आमचा धंदा आधी समजावून सांगायला हवा. दिवाळी उलटली की पश्चिम खानदेशात कापसाच्या गाड्या बाजाराची वाट धरतात. शहाद्याकडच्या गाड्या तापी उतरून येतात, धानोऱ्याकडच्या सकाळी निघून दुपारच्या आत पोचतात. शेतकरी आणि जिनिंगचा व्यापारी यांच्या मध्ये दलाल उभा असतो. तो गाडीतला कापूस मुठीत घेतो, दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ओढतो, आणि धागा किती लांब, किती चिवट, ते पाहतो. मग भाव ठरतो. पण तो बोलून नाही. दलाल खांद्यावरचे उपरणे आपल्या आणि समोरच्याच्या हातावर टाकतो आणि त्या आडोशाखाली बोटे धरली जातात. पूर्ण पंजा धरला की पाच, दोन बोटे धरली की दोन, पेरावर दाबले की अर्धा. वरून दोघे गप्पा मारत असतात, पोराबाळांची चौकशी चाललेली असते आणि खाली सौदा चाललेला असतो. शेजारच्या व्यापाऱ्याला भाव कळू नये म्हणून हा आडोसा. बोटांनी दिलेला भाव कोणी फिरवत नसे. तोंडाने दिलेला शब्द फिरवणारे मी पुष्कळ पाहिले.

या धंद्यात माणसाची ओळख हाताने होते. मला आजही कित्येकांचे चेहरे आठवत नाहीत, हात आठवतात. एका म्हाताऱ्याचे मधले बोट चरकात गेलेले होते, त्यामुळे त्याचा 'तीन' नेहमी मला अंदाजाने लावावा लागे. आणखी एक होता, तो भाव पटला नाही की उपरण्याखाली माझ्या तळहाताला गुदगुल्या करी आणि वर गंभीर तोंड करून पावसापाण्याचे बोले. कापसाला पहाटे पाणी शिंपडून आणणारे होतेच. मी पाणी ओळखले की म्हणत, "दव पडनं भाऊ, देवनी इच्छा." दव गाडीच्या मधोमधच कसे पडते, हे मी कधी विचारले नाही.

भिल्ल नाहीतर डोंगरातल्या कोकणी जमातीच्या माणसाची गाडी आली की मी कोपरापर्यंत हात घालून तळचा कापूस उपसत असे. ही माणसे वजनाला दगड घालतात असे आम्ही सगळे म्हणत होतो, माझे वडीलही म्हणत. माझ्या उभ्या धंद्यात गाडीच्या तळाशी दगड मला एकदाच सापडला, तो एका बड्या पाटलाच्या गाडीत. त्याने हसून सांगितले की बैल उधळू नयेत म्हणून ठेवला होता. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिल्लाच्या गाडीत हात घातला.

आणखी एक रीत सांगायची राहिली, आणि या गोष्टीत तीच महत्त्वाची आहे. ज्यांना शिवायचे नाही, किंवा ज्यांना आम्ही बरोबरीचे समजत नव्हतो, त्यांच्याशी उपरण्याखालचा सौदा होत नसे. डोंगरातले लोक, गावकुसाबाहेरचे लोक आले की दलाल लांब उभा राहून म्हणे, "भाव तोंडी सांग." तो बिचारा मोठ्याने भाव सांगे. सगळा बाजार ऐके. एकदा भाव उघडा पडला की वर चढवायला कोणी उरत नसे, सगळे मिळून खालीच ओढत. त्यांचा कापूस कमी भावात जाई, आणि मग आम्हीच म्हणत असू की या लोकांचा माल हलकाच. हे असे चाललेले मी लहानपणापासून पाहिले होते आणि यात काही वावगे आहे असे मला वाटत नव्हते.

पहिले महायुद्ध संपून बरीच वर्षे झाली होती, तेव्हा धानोऱ्याचा लोटन परत आला. तरुणपणी भावांशी भांडून तो सुरतेला गेला, तिथून मुंबईला, तिथून बोटीवर कोळसा ओढायला, आणि बोट अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली तेव्हा उतरला तो उतरलाच. अठरा-वीस वर्षे त्याची काही खबर नव्हती. घरच्यांनी त्याचे दिवसही घातले होते. तो परत आला तेव्हा त्याच्या अंगात पांढरा शुभ्र सदरा होता, पायांत घासून चकचकीत केलेले बूट होते, आणि बोट धरून नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. मुलीचे नाव इसाबेल. तो तिला इसा म्हणे. तिची आई तिकडची, मेक्सिको नावाच्या देशातली, शेतमजूर. ती तिकडेच वारली होती.

बाजारात येणाऱ्या प्रत्येकाला त्या माणसाबद्दल कुतूहल होते, पण जवळ फक्त मी गेलो. त्याने तिकडे कापूस पिकवला होता, म्हणून मला त्याच्याशी बोलायचे होते. तो पेढीवर येई, बूट बाहेर काढी आणि बैठकीच्या अगदी कडेला बसे. इतक्या वर्षांत त्याची अहिराणी जराही बदलली नव्हती.

"नामदेवभाऊ," तो एकदा म्हणाला, "तठे माले कोणी लोटन म्हने नही. बठ्ठा म्हनेत, हिंदू. मन्हा जोडीदार पंजाबना मुसलमान, पाच येळ नमाज पढे. तो बी हिंदू. तो माले म्हने, लोटन, तुन्हामुळे मी बाटनू."

आम्ही दोघेही हसलो. मग तो हसायचा थांबला.

"न्हावीकडे गऊ तर त्यानी खुर्ची उलटी करी दिधी. मंग आम्हीनच एकमेकना केस कापूत. देख, हाऊ कान कापाई गया तव्हय."

त्याच्या कानाच्या पाळीवर खरेच जुनी खूण होती.

तिकडे यांच्याबद्दल काय काय बोलले जाई ते त्याने मला सांगितले. हिंदू घाणेरडे, हिंदू लबाड, हिंदू कमी मजुरीत राबून गोऱ्यांच्या तोंडचा घास काढतात. नाटकगृहात यांनी वर माडीवर बसायचे. जिनिंगचा मालक सौदा झाल्यावर सगळ्यांशी हात मिळवी, यांच्याशी नाही. घाणेरडा म्हणतात म्हणून लोटन दोनदा अंघोळ करू लागला, रोज सदरा धुऊ लागला. लबाड म्हणतात म्हणून त्याने घासाघीस सोडली. एक भाव सांगायचा, घ्या नाहीतर सोडा. ऐकताना मला कळले की माझ्यासमोर बसलेला हा ताठ, धुतलेला, कमी बोलणारा माणूस मुळात असा नव्हता. तिकडच्या लोकांनी त्याला जे म्हटले त्याला उत्तर देता देता तो असा झाला होता. भावांशी कडाकडा भांडून गाव सोडणारा पोरगा निराळाच असणार.

शेवटी तिथल्या वरच्या कोर्टाने ठरवले की हिंदी माणूस गोरा नव्हे, सबब त्याला त्या देशाचा नागरिक होता येणार नाही. आणि नागरिक होऊ न शकणाऱ्याने जमीन करायची नाही असा तिकडचा कायदा होता. लोटनने आपले शेत एका गोऱ्या शेजाऱ्याच्या नावावर केले, विश्वासावर. बायको गेली त्याच साली शेजाऱ्याने सांगितले, शेत माझे आहे.

"भांडना नही तू?" मी विचारले.

"कोठे भांडू? मी शेच कोण तठे?"

धानोऱ्याला त्याच्या वाट्याचे शेत अजून होते, भावांनी ते नाइलाजाने मोकळे केले. पण जातीच्या पंचांनी बैठक घेतली. त्यांचा म्होरक्या गोविंदआप्पा. आप्पा वाईट माणूस नव्हता. दुष्काळात त्याने आपली कणगी उघडलेली मी पाहिली आहे. त्याने लोटनला सांगितले, "तू शुद्धी करी ले अन् पंगतमा बस. पोरगीले मातर येगळं पान."

लोटन म्हणाला, "मंग मन्हं पान बी येगळंच मांडा."

तेवढ्यावर बैठक उठली. गावाने त्याचे पाणी, विस्तव, येणेजाणे बंद केले. तो शेतातच झोपडी करून राहिला. इसाला गावातली मुले मडमीण म्हणत. ती त्याच्याइतकीच सावळी होती. तिने एकदा मला विचारले होते, "काका, तठे म्हनेत हिंदू, आठे म्हनतस मडम. मी दोन्ही नही का?" मी तिला गूळ-शेंगदाणे दिले.

त्या वर्षी त्याने जो कापूस काढला तसा मी त्याआधी पाहिला नव्हता. शेतावर जाऊन मी धागा ओढून पाहिला. लांब आणि रेशमासारखा. लोटन माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "भाऊ, माले जातमा नही घेतं तरी चाली. पन बाजारमा चारचौघास्ना मधमा तू मन्हा हात धर. शेतकरी म्हनीसनी हात धर. बाजारनी धरा, म्हंजे गाव बी कव्हय ना कव्हय धरी. मंग पोरगीले कोणी विचारावं नही, तू कोणनी."

एवढीच त्याची मागणी होती. मी म्हणालो, "ये तू. मी शे ना."

बाजाराच्या आदल्या दिवशी गोविंदआप्पा पेढीवर आला. चहा घेतला. माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. उठताना म्हणाला, "नामदेव, धंदा तुन्हा, हात बी तुन्हाच. पन ज्या हातमा त्याना हात, त्या हातमा आमना नही." माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांतल्या निम्म्याहून जास्त आप्पाच्या शब्दावर येत होत्या. तो चढ्या आवाजात काही बोलला नव्हता. जाताना त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी लोटन गाडी घेऊन आला. शेजारी इसा बसली होती, केसांना तेल लावून, नवे परकर-पोलके घालून. त्याने गाडी माझ्यासमोर उभी केली. मी कापूस पाहिला. जवळ उभे असलेले दोन व्यापारी पुढे सरकले, त्यांनाही माल दिसत होता. लोटनने आपले उपरणे काढले, हातावर टाकले आणि हात पुढे केला.

समोर, चिंचेखाली, गोविंदआप्पा बसला होता. तो आमच्याकडे पाहतसुद्धा नव्हता.

मी हात मागे घेतले. एक पाऊल सरकलो आणि म्हणालो, "लोटनदादा, भाव तोंडीच सांग."

लोटनचा हात उपरण्याखाली तसाच राहिला. मला वाटले, तो शिवी देईल. ती दिली असती तर माझ्यावर उपकार झाले असते. त्याने हात काढला, उपरण्याची घडी घातली, आणि त्याच्या सवयीप्रमाणे एकच भाव मोठ्याने सांगितला. भाव रास्त होता. त्या मालाला थोडा कमीच होता.

"अमेरिकाना भाव सांगस का रे?" एक व्यापारी म्हणाला. "आठे डालर नही चालत." लोक हसले. दुसऱ्याने निम्मा भाव सांगितला. तिसरा त्याच्याही खाली आला. ते मघाचे दोघे, ज्यांना माल दिसत होता, तेही या ओढाओढीत सामील झाले.

इसा गाडीवरून सगळे पाहत होती. तिने बापाला विचारले, "त्यानी हात का बरं धरा नही?"

लोटनने घडी घातलेले उपरणे खांद्यावर टाकले. तो माझ्याजवळ आला, पण मला न शिवता, मधे अंतर ठेवून उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, "नामदेवभाऊ, तठे माले वाटे, हाई गोरास्नी रीत शे. आज ध्यानमा उनं. आठे बापसंगे बाजारमा येऊ तव्हय भिल्लना हात आम्हीन बी कव्हय धरा नही. मी तठे जायसनी काही नवं नही देखं."

मग त्याने गाडी वळवली. कापूस न विकता परत नेला.

त्यानंतर काय झाले ते मला तुकड्यातुकड्यांनी कळले. त्या मोसमात तो दोनतीन बाजार फिरला. बातमी त्याच्या आधी पोचलेली असे. जिथे गेला तिथे त्याला भाव तोंडी विचारला गेला. पुढच्या वर्षी त्याने धानोऱ्याचे शेत भावांना सोडून दिले आणि मुलीला घेऊन खांडबाऱ्याच्या पलीकडे जंगलाला लागून असलेल्या एका कोकणी वस्तीत राहायला गेला. त्या लोकांनी त्याला जागा दिली. मुलीला त्याने मिशनच्या बोर्डिंगात घातले. हे कळल्यावर आमच्या बाजारात लोक म्हणाले, "देखं? आम्हीन म्हनत नव्हतूत?" जणू काही ती आपणहून तिकडे गेली होती. तो भाग हिवतापाचा. चारपाच पावसाळे लोटनने काढले. मग एका गाडीवाल्याने सहज सांगितले की तो मडमवाला लोटन गेला. मी त्या वेळी कापूस पाहत होतो. धागा ओढला, लांबी पाहिली, आणि सौदा पुरा केला. त्या दिवशी मी जेवलोही नेहमीसारखा. हे लिहायला लाज वाटते, पण तसेच झाले.

मी स्वतःला समजावत होतो की बाजाराची रीत मी घालून दिलेली नाही. मी धरला असता तरी गावाने धरला नसता. माझ्याकडच्या गाड्या तुटल्या असत्या, घरात खाणारी तोंडे होती. ही सगळी कारणे खरी आहेत. त्यांना धरून मी कित्येक वर्षे राहिलो.

मागच्या वर्षी माझा थोरला मुलगा रजेवर घरी आला. तो रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहे. जेवताना त्याने सांगितले की उपाहारगृहात तो रिकाम्या बाकावर बसला तर एका साहेबाने त्याला सगळ्यांसमोर उठवले; तो बाक काळ्यांचा नव्हता. मी ताटावरून उठलो. असा संताप मला आयुष्यात आला नव्हता. तक्रार करतो म्हणालो, वकील पाहतो म्हणालो, हाताने नीट काम करणाऱ्या माणसाला कातडीवरून उठवणारे हे कोण, असे बरेच बोललो.

बायको भाकरी वाढत होती. ती वर न बघता म्हणाली, "इतला राग तव्हय कोठे व्हता?"

मुलाला काही कळले नाही. मला कळले. मी पुन्हा ताटावर बसलो.

त्याच आठवड्यात मी गाडीने खांडबाऱ्याला गेलो. इसा तिथल्या दवाखान्यात नर्स आहे, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनच मी इतकी वर्षे गेलो नव्हतो. दवाखान्याच्या ओसरीवर डोंगरातली दहाबारा माणसे बसली होती. पांढरे लुगडे नेसलेली एक बाई खाली बसून एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम धूत होती आणि त्याच्याशी त्याच्या बोलीत काहीतरी थट्टा करत होती. लोटनचेच नाक, लोटनचेच ताठ बसणे.

मी म्हणालो, "इसा, मी नंदुरबारहून आलोय. जरा आत बोलायचं होतं."

तिने वर पाहिले. मला ओळखले, हे मला लगेच दिसले.

"काका, काम सोडता येत नाही," ती म्हणाली. तिची मराठी आता शाळेतली झाली होती. "काय असेल ते इथंच सांगा."

मला आत सांगायचे होते. येताना आगगाडीत मी जी वाक्ये जुळवली होती ती आतल्या खोलीसाठी होती. मी उगाच म्हणालो, "बरी आहेस ना? इथले लोक त्रास देत नाहीत ना?"

"देतात की," ती म्हणाली. "उकळलेलं पाणी बाटलेलं म्हणतात. सुई पाहिली की पळून जातात. पण तू कोणाची, असं विचारत नाहीत. उद्या येशील का, एवढंच विचारतात." तिने पट्टी गुंडाळायला घेतली. "बाबांना शेवटच्या तापात भास होत होते. बाजार दिसायचा. माझा हात धरून बोटं मोजायचे. मी प्रत्येक वेळी भाव कबूल करायची."

तो म्हातारा माझ्याकडे निरखून पाहत होता. मोडक्या अहिराणीत तो म्हणाला, "नंदुरबारना दलाल ना तू? मी गाडी लिसनी येऊ तुन्हाकडे. लई वरीस येऊ."

मला तो मुळीच आठवेना. आठवणार कसा? ज्यांचे हात मी धरले त्यांची आठवण माझ्या बोटांत आहे, आणि याचा हात मी एकदाही धरला नव्हता. त्याने हे रागाने म्हटले नव्हते. ओळख सांगावी तसे सांगितले आणि बायकामाणसांना सरकून माझ्यासाठी ओसरीवर जागा करायला लावली.

मी बसलो नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, इसा सोडून. ती गाठ मारत होती. मी पागोटे काढून हातात घेतले. जुळवलेली वाक्ये गेली होती. मी आमच्या घरच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असे बोललो.

"बाई, तुन्हा बापनी बाजारमा हात पुढे कया व्हता. ये, मी धरसू, असं मी त्याले सांगेल व्हतं, अन् धरा नही. ह्या बाबाना बी धरा नही, त्यानी तर कव्हय मांगा बी नही. मी आजलोंग म्हनत उनू, बाजारनी रीत. रीत नही. हात मन्हा व्हता, मीच मांगे लिधा. तुन्हा बाप गया, त्याले आते सांगता येत नही. तुले सांगस, अन् बाबा, तुले बी सांगस. मन्हं चुकनं. माफी मांगस."